रिव्हर्स टाकला की स्क्रीनला कसं कळतं?

बीदरच्या चौबाऱ्याजवळची गल्ली असो की भालकीचा बाजार, गाडी मागे घेताना ड्रायव्हरचा कस लागतो. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेत मे २०१८ पासून कॅमेराच सक्तीचा आहे. आपल्या स्वस्त मॉडेलांत तो बरेचदा नसतो. मग बाहेरून बसवून घेतात.

युक्ती सोपी आहे. रिव्हर्स गिअर पडताच मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच वायरीतले १२ व्होल्ट कॅमेऱ्याला वीज पुरवतात आणि स्क्रीनच्या ट्रिगर वायरीला इशाराही देतात. गाणं बाजूला सरतं, मागचं चित्र येतं. चित्राची केबल मात्र वेगळी. ती डिकीच्या रबरी नळीतूनच ओढून घ्यावी. उघड्या पत्र्याच्या कडेवर घासली की शॉर्ट झालीच म्हणून समजा.

खरी गोम कंपनीच्या स्क्रीनमध्ये. काहींत कॅमेऱ्याची सोय असते, पण सॉफ्टवेअरमध्ये बंद ठेवलेली. काहींना साधा ॲनालॉग सिग्नलच समजतो. त्यांना एएचडी (हाय-डेफिनिशन) कॅमेरा जोडला तर चित्र उमटत नाही. चित्र आरशासारखं दिसायला हवं, नाहीतर डावीकडचा खांब उजवीकडे दिसेल. अनेक कॅमेऱ्यांत आरशासारखं की सरळ चित्र, हे एक छोटी वायर कापून बदलता येतं.

पावसाळ्यात बीदरची लाल माती लेन्सवर बसते. ती पुसा, आणि आरसे बघायची सवय सोडू नका.