कल्पित यंत्रांची निगा

रात्रीं निजतांना मोबाइल फोनवर बँकेची जी आज्ञावली असते, तिच्या जागीं सकाळीं पुष्कळदां नवी आवृत्ति आलेली असते. घरांतील कोणालाहि त्याची वार्ता नसते. ती आज्ञावली कोणी तरी लिहिली असेल, एवढें सामान्य मनुष्य जाणतो; परंतु लिहिलेला मजकूर आणि हातीं येणारी वस्तु यांच्यामध्यें एक कारखाना असतो, व त्या कारखान्यांत बहुधा एकहि मनुष्य उभा नसतो, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत येते. हा कारखाना कशावर चालतो, आणि त्याची निगा न राखल्यास काय ओढवतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण पगार, पैसा, रेल्वेचीं तिकिटें असे अनेक व्यवहार आतां त्यांतून बाहेर पडणाऱ्या मालावर अवलंबून आहेत.

सॉफ्टवेअर लिहिणारा जो मजकूर लिहितो तो मनुष्याला वाचतां येईल असा असतो. यंत्राला तो जसाच्या तसा सहसा उपयोगी पडत नाहीं. ‘कंपायलर’ नांवाची दुसरी आज्ञावली त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करिते. मग त्याला इतरांनीं लिहिलेले तयार भाग जोडावे लागतात, त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि शेवटीं तो बांधून रवाना करावयाचा असतो. या सर्व खटाटोपाला ‘बिल्ड’ म्हणतात. पूर्वीं हें काम पुष्कळदां लिहिणारा आपल्याच मेजावरील संगणकावर उरकीत असे. त्यामुळें एकाकडे सुरळीत चालणारी वस्तु दुसऱ्याकडे अडून बसे, आणि ‘माझ्याकडे तर चालतें’ हें उत्तर या धंद्यांत म्हणीसारखें रूढ झालें. यावर उपाय म्हणून बिल्डचें काम सामाईक यंत्राकडे सोंपविण्याची रीत पडली. सन २००१ मध्यें ‘क्रूझकंट्रोल’ हें साधन आलें. कोहसुके कावागुची यांनीं पुढें रचिलेलें ‘हडसन’ हें साधन २०११ पासून ‘जेन्किन्स’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. मजकुरांत कोणी बदल केला, कीं हें यंत्र आपण होऊन कामाला लागतें.

सामाईक यंत्रानें एक अडचण गेली आणि दुसरी आली. एकाच यंत्रावर शेकडों कामें ओळीनें झालीं, म्हणजे पहिल्याचें उष्टें दुसऱ्याच्या पानांत पडतें. एखादी फाइल मागें राहते, एखादें साधन कोणी तरी बदलून गेलेला असतो. यावर तोड म्हणजे कल्पित यंत्र, अर्थात् ‘व्हर्च्युअल मशीन’. एका खऱ्या यंत्राच्या पोटांत अनेक यंत्रें असल्याचा भास उत्पन्न करण्याची ही युक्ति नवी नाहीं. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज, मॅसेच्युसेट्स येथील केंद्रांत ती १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध झाली, आणि १९७२ मध्यें ‘व्हीएम/३७०’ या नांवानें जाहीर झाली. व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ मध्यें ती इंटेल जातीच्या साध्या संगणकावरहि चालवून दाखविली. अशा यंत्राची तबकडीहि कल्पितच असते. ती म्हणजे केवळ एक मोठी फाइल. तिच्यांत ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर व इतर साधनें आधींच भरून ठेविलीं, म्हणजे तिला ‘इमेज’ किंवा प्रतिमा म्हणतात. प्रत्येक कामासाठीं प्रतिमेची नवी नक्कल उघडावयाची आणि काम संपतांच ती टाकून द्यावयाची, असा परिपाठ असतो. तींच ताटें घांसून पुन्हां मांडण्याऐवजीं दर पानाला नवी पत्रावळ मांडावी, त्यांतलाच हा प्रकार.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रतिमा एकदां नीट तयार झाली म्हणजे प्रश्न मिटला. फाइलीला गंज चढत नाहीं कीं वाळवी लागत नाहीं. प्रतिमा बदलत नाहीं हें खरें आहे. परंतु तिच्या भोंवतालचें जग बदलतें, आणि न बदलण्यामुळेंच ती बिघडते.

हें तीन प्रकारांनीं घडतें. पहिला प्रकार दोषांचा. ७ एप्रिल २०१४ रोजीं ‘ओपन एसएसएल’ या सुप्रसिद्ध साधनांतील ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष जाहीर झाला. तो दोन वर्षें असंख्य यंत्रांत वावरत होता. चालू यंत्रें दुरुस्त करणें हें अर्धेंच काम होतें; ज्या प्रतिमेंत जुनें साधन भरलेलें होतें, ती प्रत्येक नव्या नकलेबरोबर तोच दोष पुन्हां जन्माला घालीत राहिली असती. दुसरा प्रकार मुदतीचा. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या ओळखपत्रांना पूर्वींपासून आधार देणाऱ्या एका मूळ दाखल्याची मुदत संपली. ज्या जुन्या यंत्रांना नवा दाखला ठाऊक नव्हता, तीं भल्या सर्व्हरलाहि अनोळखी समजून दार लावून बसलीं. कोणी कशालाहि हात लावला नव्हता. केवळ दिनदर्शिकेचें पान उलटलें होतें. तिसरा प्रकार आश्रय तुटण्याचा. ३० जून २०२४ रोजीं ‘सेंटओएस ७’ या ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल थांबली. त्यानंतर तिचे भाग नेहमींच्या भांडारांतून मिळेनासे झाले आणि जुन्या संग्रहाचा पत्ता शोधावा लागला. ‘उबंटू’च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तींनाहि सामान्यतः पांचच वर्षांची हमी असते.

तर मग प्रतिमा रोज नवी करावी, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण त्या वाटेवरहि कांटे आहेत. गिटहब ही कंपनी आपल्या बिल्ड-सेवेसाठीं तयार प्रतिमा पुरविते, आणि त्यांपैकीं एकीला ‘लेटेस्ट’, म्हणजे सर्वांत नवी, अशी चिठ्ठी लाविलेली असते. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं ही चिठ्ठी उबंटू २२.०४ वरून काढून २४.०४ वर लाविली गेली. नव्या प्रतिमेंत जुन्यांतील कांहीं साधनें नव्हतीं. ज्यांनीं आपल्याला कोणतीं साधनें लागतात हें लिहून ठेविलें नव्हतें, त्यांचीं कामें स्वतःच्या मजकुरांत एकहि अक्षर न बदलतां अडण्याची पाळी आली. म्हणून प्रतिमेला चिठ्ठीनें न बोलावितां तिच्या नेमक्या आवृत्तीनें बोलवावें, आणि आवृत्ति बदलण्याचा दिवस आपला आपण ठरवावा, असा शहाणपणाचा संकेत आहे. याच कंपनीनें उबंटू २०.०४ ची प्रतिमा एप्रिल २०२५ मध्यें बंद केली. त्यापूर्वीं कांहीं ठराविक वेळीं तिच्यावरील कामें मुद्दाम नापास केलीं, हेतु हा कीं, सूचना न वाचणाऱ्यांनाहि वेळेवर जाग यावी. उपाय कठोर दिसतो, परंतु अचानक कोसळण्यापेक्षां तो दयाळूपणाचाच होय.

चांगल्या निगेचें रहस्य एका नियमांत सांगतां येईल: प्रतिमेची डागडुजी करूं नये, तिची कृति दुरुस्त करावी. चालू प्रतिमेंत शिरून हातानें एखादें साधन बसविलें, तर काम तेवढ्यापुरतें भागतें. पण तें कोणीं, केव्हां व कां बसविलें याचा पत्ता राहत नाहीं. तेव्हां कोणत्या मूळ आवृत्तीपासून आरंभ करावयाचा, काय बसवावयाचें व काय पुसावयाचें, हें सर्व मजकुराच्या रूपानें लिहून ठेवितात, आणि २०१३ मध्यें निघालेल्या ‘पॅकर’सारख्या साधनाकडून त्याबरहुकूम प्रतिमा तयार करवितात. ती ठराविक दिवसांनीं नव्यानें करावी. तिला तारखेचा क्रमांक द्यावा. आंत काय काय आहे याची यादी जोडावी. दोन-चार लहान आज्ञावली तिच्यावर बांधून पाहाव्या. प्रथम थोडींच कामें तिच्याकडे वळवावीं. आणि बिघाड दिसल्यास परत जातां यावें म्हणून मागील प्रतिमा कांहीं काळ जपून ठेवावी. मात्र कांहीं काळच. जुन्या प्रतिमा सांचूं दिल्या तर जागेचें भाडें वाढतें, आणि कोणी तरी चुकून त्यांतीलच एखादी उघडतो.

आणखी एक पथ्य गुप्त किल्ल्यांचें आहे. प्रतिमा तयार करतांना निरनिराळ्या भांडारांच्या किल्ल्या लागतात, व त्या आंत विसरल्या तर प्रतिमा ज्याच्या हातीं पडेल त्याच्या हातीं त्याहि पडतात. ‘कोडकव्ह’ या कंपनीच्या बाबतींत २०२१ मध्यें असेंच घडलें. तिच्या डॉकर जातीच्या प्रतिमा तयार करण्याच्या रीतींत चूक राहिली होती. तींतून एका परक्यानें किल्ली काढून घेतली, आणि ३१ जानेवारीपासून कंपनीच्या एका आज्ञावलींत फेरफार केला. ही आज्ञावली ग्राहकांच्या बिल्डमध्यें चालत असे. त्यामुळें त्यांचींहि गुपितें बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा झाला. १ एप्रिल रोजीं ही गोष्ट उजेडांत आली ती एका ग्राहकाच्या दक्षतेमुळें: उतरवून घेतलेल्या फाइलीची पडताळ-संख्या प्रसिद्ध केलेल्या संख्येशीं जुळत नाहीं, असें त्याला आढळलें.

कारखान्यालाच कोणी वश केलें तर काय होतें, हें डिसेंबर २०२० मध्यें जगाला कळलें. ‘सोलरविंड्स’ या कंपनीच्या बिल्ड-यंत्रावर शिरलेली एक लबाड आज्ञावली बांधणी सुरू होण्याची वाट पाहत बसे, ऐन वेळीं मजकुराची एक फाइल बदली, आणि काम होतांच मूळ फाइल जागेवर ठेवी. लिहिणाऱ्यांनीं आपला मजकूर कितीहि वेळां वाचला तरी त्यांत दोष दिसणें शक्य नव्हतें. मालावर कंपनीची खरी मोहोर होती, आणि तो अमेरिकेच्या सरकारी खात्यांपर्यंत जाऊन पोंचला. केन थॉम्प्सन यांनीं १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हाच इशारा दिला होता: मजकूर तपासून भागत नाहीं, मजकुराचें रूपांतर करणारें साधनहि विश्वासाचें असावें लागतें. यासाठींच डेबियनसारख्या मंडळ्या एकच मजकूर दोन स्वतंत्र ठिकाणीं बांधून निघालेला माल अक्षरशः एकसारखा येतो कीं नाहीं हें पाहण्याचा उद्योग करीत आहेत. दोन सोनारांनीं वेगवेगळ्या तराजूंवर तोललेलें वजन जुळलें, म्हणजे तराजूविषयींचा संशय बराचसा फिटतो.

या कामांत वाहवा नाहीं. प्रतिमा नीट राखली तर कांहींच घडत नाहीं, आणि कांहींच न घडल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं. म्हणून पुष्कळ संस्थांत हें काम एखाद्या जाणत्या माणसाच्या आठवणीवर सोंपविलेलें असतें. तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, कीं मागें एक मोठी फाइल उरते, जिच्यांत काय आहे हें कोणास सांगतां येत नाहीं आणि जी टाकून देण्याचें धैर्यहि कोणास होत नाहीं. अशा संस्थेच्या चालकांनीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: ही प्रतिमा आज नाहींशी झाली, तर केवळ लिहिलेल्या कृतीवरून ती उद्यां पुन्हां उभी करतां येईल काय? उत्तर होकारार्थी असेल तर कारखाना त्यांच्या ताब्यांत आहे. तें नकारार्थी असेल तर ते त्या फाइलीच्या ताब्यांत आहेत, आणि त्यांच्यावर विसंबलेलीं सहस्रावधि घरेंहि.