शब्द आणि टोल : घरचा वेळ-सर्व्हर

आज आपण वेळ सांगणारं एक लहानसं यंत्र उभं करणार आहोत. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, एक जीपीएस मॉड्यूल आणि अँटेना, सामान एवढंच. प्रश्न मात्र जुना आहे : ‘आत्ता किती वाजले?’ याला प्रमाण काय?

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या संगणकांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की त्यांचा काळ थांबतो. परत आली की ते इंटरनेटवर कुणाला तरी वेळ विचारतात. आमच्या अभ्यासिकेत एका पावसाळ्यात वीज आली, पण नेट आलं नाही. तीन संगणकांवरच्या नोंदींत तीन वेगळ्या वेळा पडल्या. कोणती नोंद आधीची, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा आम्हाला वाटलं, वेळेचा एक तरी साक्षीदार घरचा हवा.

जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांच्यात अणुघड्याळं असतात. त्यांच्या आधारे मॉड्यूल आपल्याला दोन गोष्टी देतं. पहिली म्हणजे शब्द : तारीख-वेळ सांगणारी एनएमईए वाक्यं. दुसरी म्हणजे टोल : दर सेकंदाच्या आरंभी येणारा पीपीएस हा विजेचा ठोका. शब्द सेकंदाचं नाव सांगतो, पण उशिरा. ९६०० बॉडने ८२ अक्षरं यायलाच सुमारे ८५ मिलिसेकंद लागतात. टोल अतिशय नेमका, पण मुका. सेकंद सुरू झाला हे तो सांगतो, कोणता ते नाही. दोघांची सांगड घालायची, हेच आपलं काम.

मॉड्यूलचा टीएक्स पायच्या आरएक्सला जोडावा आणि पीपीएसची तार जीपीआयओ १८ला. एक जपा : या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. मग सीरियल कन्सोल बंद करून पीपीएसचा ओव्हरले सुरू करावा. शब्द वाचायला जीपीएसडी आणि घड्याळ लावायला क्रोनी. क्रोनीला सांगायचं, एनएमईए फक्त ऐक, त्याला निवडू नकोस. पीपीएसला मात्र त्याच्याशी बांध. शब्दाला किती उशीर होतो, तेही काही तास नेटवरच्या सर्व्हरशी ताडून भरावं. नाहीतर मागच्या सेकंदाचं नाव पुढच्या टोलाला चिकटायची भीती.

आणखी एक गंमत बघा. जीपीएसचा काळ ६ जानेवारी १९८०पासून लीप सेकंद न घेता चालतो, म्हणून २०१७पासून तो जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. ही दुरुस्ती उपग्रह दर साडेबारा मिनिटांनी पाठवतात. तेव्हा नव्या मॉड्यूलवर पहिली पंधरा मिनिटं विसंबू नये.

क्रोनीच्या यादीत पीपीएससमोर तारा दिसला, की घरातल्या इतर संगणकांना परवानगी द्यावी. तरीही नेटवरचे दोन-तीन सर्व्हर यादीत ठेवा. अँटेना वाऱ्याने पडतो, आकाश झाकलं जातं. साक्षीदार घरचा असला, तरी उलटतपासणी चुकत नाही.

आता प्रश्न घेऊ या.