आपणांस न दिसणारे आपण

पस्तीस वर्षांहून अधिक काळ आम्हीं दुसऱ्यांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांत 'वर्तणूक' या सदराखालीं शेरे लिहिले. 'हुशार, परंतु उतावळा', 'सुस्वभावी, पण आळशी' असे निवाडे देतांना आमचा हात कधीं अडखळला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर मात्र एक प्रश्न मनांत आला. आमच्या स्वतःच्या वर्तणुकीचें सदर कोणीं भरावयाचें? तें आपण एकांतांत बसून स्वतःच भरूं, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ती चुकीची कशी ठरली, हें वाचकांपुढें मांडावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

आम्ही मॅट्रिक झालों त्याच वर्षीं वडील निवर्तले. कॉलेजाचा विचार सोडून आम्हीं शिक्षकाची नोकरी पत्करली आणि धाकट्या बंधूस पदवीपर्यंत शिकविलें. पुढें तो मोठ्या हुद्द्यावर चढला. त्याचा आम्हांस अभिमान वाटतो, असें आम्ही चारचौघांत सांगत असूं, आणि तें खरेंही होतें. परंतु तेवढेंच खरें नव्हतें.

एके दिवशीं आमच्या दहा वर्षांच्या नातीनें सहज विचारलें, "आजोबा, धाकट्या आजोबांचा फोन आला, कीं तुम्हांला नेमकी बागेला पाणी घालायची आठवण कशी होते?" मंडळी हसली. आम्हीही हसलों, आणि लागलीच 'मोठ्यांच्या गोष्टींत तोंड घालूं नये' म्हणून तिच्यावर रागावलों. रात्रीं मात्र झोंप येईना. प्रश्न इतका साधा होता, तर राग कां यावा? सकाळीं आमच्या सौभाग्यवती भाजी निवडीत बसल्या होत्या, त्यांस विचारलें. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "घरांत हें सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हांलाच तेवढं नव्हतं."

ज्यास आम्ही इतकीं वर्षें त्याग म्हणत होतों, त्याच्या पोटांत मत्सर दडून बसला होता.

संस्कृताच्या अभ्यासांत आम्हीं योगसूत्रें वाचलीं होतीं. पतंजलींनीं अविद्या, अस्मिता, राग, द्वेष व अभिनिवेश असे पांच क्लेश सांगून त्यांच्या चार अवस्था मानल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न व उदार. प्रसुप्त म्हणजे बीजरूपानें निजलेला, तनु म्हणजे क्षीण झालेला, विच्छिन्न म्हणजे दुसऱ्या प्रबळ वृत्तीमुळें मधून मधून झांकला जाणारा, आणि उदार म्हणजे उघडपणें वावरणारा. हे अर्थ आम्हांस तोंडपाठ होते. परंतु बंधुप्रेमाखालीं झांकलेला आमचा द्वेष कांहीं त्या पाठांतरानें आम्हांस दिसला नाहीं. जें दिसत नाहीं तें नाहींच, असें आम्ही धरून चाललों होतों.

पाश्चात्य मानसशास्त्रज्ञांनींही या गोष्टीचा विचार केला आहे. १९५५ सालीं जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगम या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं चार तावदानांच्या खिडकीची कल्पना मांडली. दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून तिचें 'जोहारी' असें नांव ठेवण्यांत आलें. पहिल्या तावदानांत आपणांसही व इतरांसही ठाऊक असलेल्या गोष्टी येतात. दुसऱ्यांत इतरांस दिसणाऱ्या, पण आपणांस न दिसणाऱ्या येतात. तिसऱ्यांत आपण जाणूनबुजून लपविलेल्या असतात, आणि चौथ्यांत कोणासच ठाऊक नसलेल्या. डोळे मिटून आत्मपरीक्षण करणारा मनुष्य बहुधा तिसऱ्या तावदानापाशींच थांबतो. दुसरें उघडावयाचें तर दुसऱ्या माणसाची गरज लागते. एकत्र कुटुंबांत तीन तीन पिढ्यांचे डोळे आपल्यावर असतात, हें खरोखर भाग्य होय. परंतु वडीलपणाच्या धाकानें आपण त्यांचीं तोंडें बंद करून ठेवतों.

मग हें तावदान उघडावें कसें? आमच्या अनुभवास आलेल्या तीन गोष्टी सांगतों. पहिली ही, कीं दुसऱ्याच्या कोणत्या दोषानें आपला संताप अकारण भडकतो, तें पाहावें. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनीं मनाच्या नाकारलेल्या भागास 'छाया' म्हटलें आहे. जें आपण स्वतःच्या ठायीं मानीत नाहीं, तें आपणांस दुसऱ्याच्या ठायीं दिसूं लागतें, असें ते सांगत. आम्हांस बंधूच्या बोलण्यांत सदा गर्व दिसे. घरांतील दुसऱ्या कोणासही तो कधीं दिसला नव्हता!

दुसरी गोष्ट: घरांत जें माणूस आपणांस भीत नाहीं, त्यास विचारावें, आणि विचारल्यावर गप्प बसावें. तत्काळ खुलासा करूं लागलों, कीं तावदान पुन्हां बंद झालेंच म्हणून समजावें. तिसरी गोष्ट अशी, कीं सांपडलेल्या दोषाबद्दल स्वतःस झोडपीत बसूं नये. 'मी किती पापी' असें घोळवीत राहणें हाही अहंकाराचाच एक प्रकार आहे. मात्र आंत शोधूं जातां एखादें जुनें दुःख असह्य होऊन वर आलें, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये.

त्या वर्षीं वडिलांच्या श्राद्धास बंधु आला. जेवणें आटोपल्यावर ओटीवर आम्ही दोघेच बसलों असतां आम्हीं त्यास सर्व सांगून टाकलें. या वयांत धाकट्या भावापुढें तसें बोलणें सोपें नव्हतें; घसा दोनदां कोरडा पडला. सुपारी कातरतां कातरतां त्याच्या हातांतील अडकित्ता थांबला. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "दादा, तुमच्यासमोर बसलों, कीं मला अजून फी मागायला आल्यासारखं वाटतं."

चाळीस वर्षांहून अधिक काळ आमच्या त्यागाचें ओझें तो वाहत होता, आणि आम्ही त्यास गर्व म्हणत होतों! एकाचें तावदान उघडलें, तेव्हां दुसऱ्याचेंही उघडलें.

आमचा मत्सर समूळ नाहींसा झाला, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पतंजलींच्या भाषेंत तो तनु झाला, इतकेंच. नातीस जवळ बोलावून 'तुझा प्रश्न बरोबर होता, रागावण्यांत आमचीच चूक झाली' असें आम्हीं सांगितलें. तेव्हांपासून धाकट्या आजोबांचा फोन आला, कीं ती आधीं धांवत जाऊन पाण्याची झारी लपवून ठेवते.