फिजिक्समध्ये एमएस्सी करायचंय? रिमाइंडर सप्टेंबरचा लावा

‘आधी टीवायचा रिझल्ट लागू दे, मग एमएस्सीचं बघू.’ वसई-विरारमध्ये बीएस्सी करणारा माझा एक मित्र हेच म्हणाला होता. रिझल्ट मस्त लागला. तेव्हा त्याला कळलं, की आयआयटीची प्रवेश परीक्षा फेब्रुवारीतच होऊन गेलीय! मार्क होते, पण तारीख हुकली. अख्खं वर्ष थांबावं लागलं.

तुमचं असं होऊ नये म्हणून हे वेळापत्रक लक्षात ठेवा.

जॅम: आयआयटींमधल्या एमएस्सीसाठी. फॉर्म साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत. शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. 3 तास, 60 प्रश्न, 100 मार्क. त्यातल्या 20 प्रश्नांना पर्यायच नसतात. आकडा स्वतः काढून टाइप करायचा, तुक्का चालत नाही.

टीआयएफआर: कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडी करता येते आणि दरमहा फेलोशिपही मिळते. परीक्षा सहसा डिसेंबरमध्ये असते.

मुंबई विद्यापीठ: कलिना कॅम्पस. इथले प्रवेश पदवीच्या निकालाच्या सुमारास होतात. सांताक्रूझला उतरायचं, त्यामुळे घरून ये-जा जमते. फक्त विरारहून रोजचे दोनेक तास लोकलमध्ये जाणार, हे धरून चाला.

घरचे विचारणारच, ‘पुढे काय?’ एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात (जानेवारी 2023 पासूनचा दर), शिवाय नियमानुसार घरभाडं. पण स्पर्धा मोठी आहे. म्हणून सोबत पायथन शिका. संशोधनात ते लागतंच, आणि उद्या नोकरी शोधायची वेळ आली तरी कामी येतं.

तयारीसाठी महागडं ॲप लागतंच असं नाही. एनपीटेलवर लेक्चर्स फुकट आहेत. आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. बालकृष्णन यांची क्लासिकल आणि क्वांटम फिजिक्सची लेक्चर्स यूट्यूबवरही सापडतील. लोकलमध्ये बघा, पण घरी आल्यावर तेच गणित वहीत स्वतः सोडवा. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, खरं काय ते पेन हातात घेतल्यावर कळतं. जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही अधिकृत वेबसाइटवर मोफत मिळतात.

तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात. व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नका, अधिकृत वेबसाइटच बघा. आणि हा लेख बंद करण्याआधी कॅलेंडर उघडून 1 सप्टेंबरला रिमाइंडर टाका: ‘जॅमचा फॉर्म’.