करवत चालण्यापूर्वीं

सोलापूर शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची गांवीं थोडीफार जमीन असते आणि त्या जमिनीच्या बांधावर आजोबांच्या हातचें एखादें कडुनिंबाचें झाड असतें. वादळांत तें उन्मळून पडलें, म्हणजे घरांत विचार सुरू होतो, कीं याच्या फळ्या पाडून नव्या घराच्या चौकटी व दारें कां करूं नयेत? जिल्हा कोरडा, लाकूड दुर्मिळ. तेव्हां विचार योग्यच आहे. परंतु एवढा ओंडका वखारींत न्यावयाचा तर गाडीभाडें जड जातें. त्यावर एक तोड आहे. ओंडका करवतीकडे न नेतां करवतच ओंडक्याकडे आणावयाची. चाकांच्या गाड्यावर बसविलेलें करवतीचें यंत्र ट्रॅक्टरमागें जोडून शेतांत येतें, काम उरकतें आणि दुसऱ्या शेताकडे जातें. आज मी बोलणार आहें तें मात्र या यंत्राविषयीं नव्हे. तें सुरू होण्यापूर्वीं लिहावयाच्या कागदाविषयीं.

अशा वेळीं व्यवहार बहुधा तोंडीच ठरतो. गिरणीवाला कोणाच्या तरी ओळखीचा असतो. "आपसांत काय ठरवावयाचें? काम झाल्यावर पाहूं," असें दोघेही मोठ्या सौजन्यानें म्हणतात आणि करवत सुरू होते. भांडण होतें तें संध्याकाळीं, भुशाच्या ढिगाशेजारीं. गंमत अशी, कीं दोघांपैकीं लबाड कोणीच नसतो. सकाळीं एकच शब्द दोघांनीं दोन अर्थांनीं घेतलेला असतो, एवढेंच.

"घनफुटाचा दर" हाच शब्द घ्या. गोल ओंडका मोजण्याची जुनी रीत अशी, कीं घेराचा चौथा हिस्सा काढावा, त्याचा वर्ग करावा आणि त्यास लांबीनें गुणावें. ४ फूट घेराचा व १० फूट लांबीचा ओंडका या रीतीनें १० घनफूट भरतो. भूमितीच्या हिशेबानें त्याच ओंडक्यांत सुमारें १२.७ घनफूट लाकूड असतें. म्हणून ही रीत खोटी ठरत नाहीं. साल आणि कडेचे तुकडे वाया जावयाचेच, त्याची सूट तींत आपोआप मिळते. परंतु तयार फळ्या मोजल्या तर आंकडा तिसराच निघतो. दर यांपैकीं कोणत्या मापावर, हें न बोलतां दर ठरविणें म्हणजे न ठरविण्यासारखेंच आहे.

दुसरा शब्द "इंची फळी". करवत लाकूड नुसतें दुभंगत नाहीं, थोडें खातेही. १२ इंच जाडीचा चौरस ठोकळा घेतला आणि प्रत्येक कापास १/८ इंच लाकूड भुशांत गेलें, तर त्यांतून १० इंची फळ्या निघतात. जाड पात्याच्या गोल करवतीनें १/४ इंच जात असेल, तर नऊच निघतात. दहाव्या फळीसाठीं मालक गिरणीवाल्यास चोर ठरवितो, आणि ती फळी तर त्याच्याच पायांखालीं भुसा होऊन पडलेली असते. शिवाय ओलें लाकूड वाळतांना आक्रसतें. आज नेमकी इंचभर कापलेली फळी वाळल्यावर इंचभर राहात नाहीं. तेव्हां माप ओलें कीं वाळलें, हेंही सांगितलें पाहिजे.

तिसरी गोष्ट कोणाच्या मनांतही नसते. ती म्हणजे झाडांतलें लोखंड. बांधावरच्या झाडास कुंपणाची तार बांधलेली असते, कधीं पाटीसाठीं खिळा ठोकलेला असतो. झाड वाढतें आणि तो खिळा पोटांत घेतें. कांहीं वर्षांनीं बाहेर खूणही उरत नाहीं. करवतीचे दांते त्यावर गेले, कीं पातें कामांतून जातें आणि काम खोळंबतें. मालक म्हणतो, "मला काय ठाऊक?" गिरणीवाला म्हणतो, "झाड तुमचें." दोघांचेंही खरें आहे, आणि म्हणूनच तें नुकसान कोणीं सोसावयाचें हें आधीं ठरलें पाहिजे.

कायदा याबाबत काय म्हणतो? १८७२ चा भारतीय करार कायदा अशा कामाच्या तोंडी करारासही करारच मानतो. अडचण आहे ती पुराव्याची. केलेल्या कामाचा मोबदला मागण्यास, पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल तर, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें काम झाल्यापासून तीन वर्षें मिळतात. परंतु तीन वर्षांनीं कोणता दर बोलला गेला होता, हें कोण सांगणार? फिरत्या गिरणीच्या बाबतींत आणखी एक मुद्दा आहे. वखारवाल्याकडे आपण ओंडका टाकला, तर मजुरी मिळेपर्यंत तयार फळ्या अडवून ठेवण्याचा अधिकार करार कायद्याचें १७० वें कलम त्यास देतें. शिंप्याकडे टाकलेल्या कापडास लागू होतो तोच हा नियम. परंतु शेतांत येऊन कापणाऱ्याच्या ताब्यांत लाकूड कधीं येतच नाहीं. ओंडका मालकाच्या बांधावर असतो आणि फळ्याही तेथेंच रचल्या जातात. अडवून ठेवावयास त्याच्या हातीं कांहींच नसतें. वखारवाल्याचें तारण लाकूड. फिरत्या गिरणीवाल्याचें तारण केवळ कागद.

तरीही कागद म्हटला कीं आपल्याकडे लोक बिचकतात, आणि ही भीति निराधार नाहीं. पूर्वीं गांवचा सुतार वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करी आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर आपलें बलुतें घेई. त्याचें काम व त्याचा वांटा सर्व गांवास ठाऊक असे. लेखाची गरज पडत नसे. कागद आला तो सावकाराच्या हातून, आणि ज्याचा आंगठा घेतला त्यास तो वाचतां येत नव्हता. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यांत आले. पुढें १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' झाला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिला जावा व त्यावर त्याची साक्ष असावी, अशी त्यांत तरतूद होती. तो कायदा आज राहिलेला नाहीं. त्याचें तात्पर्य मात्र राहिलें आहे. त्यानें कागद रद्द केला नाहीं. तो उजेडांत, तिऱ्हाइतासमोर लिहावयास लावला. दोष लेखांत नव्हता. एकालाच वाचतां येणाऱ्या लेखांत होता.

मग फिरत्या गिरणीशीं करावयाचा कागद कसा असावा? एक पान पुरे. कोणतें झाड, किती ओंडके, कोणत्या जाडी-रुंदीच्या फळ्या. दर ओंडक्याच्या मापावर कीं फळ्यांच्या. मोजणी कोणीं व केव्हां करावयाची. ओंडके हलविण्यास माणसें कोणाचीं आणि इंधन कोणाचें. लोखंड लागून पातें तुटल्यास भरपाई किती. पाऊस आला तर काम कोणत्या दिवशीं. कडेचे तुकडे व भुसा कोणाचा. विसार किती, बाकी केव्हां. भरपाईची रक्कम भरमसाट लिहून उपयोग नाहीं, कारण ७४ व्या कलमाप्रमाणें न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेंत वाजवी तेवढेंच देववितें. कागद मराठींत असावा, दोघांस मोठ्यानें वाचून दाखवावा आणि त्याच्या दोन प्रती कराव्या. मध्येंच दर किंवा माप बदललें, तर तेंही दोन्ही प्रतींवर लिहून सह्या कराव्या.

एक ओळ सर्वांच्या आधीं लिहावी, ती परवानगीची. सागवान, आंबा, चिंच अशीं झाडें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. शहरांतील झाडांस १९७५ चा निराळा कायदा आहे. लाकूड कापण्याच्या गिरणीसही वनखात्याचा परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें गोदावर्मन खटल्यांत दिलेल्या आदेशानंतर त्यावरील देखरेख कडक झाली आहे. करवत फिरती आहे म्हणून ती नियमाबाहेर आहे, असें समजूं नये. झाडाची परवानगी मालकानें आणि गिरणीचा परवाना गिरणीवाल्यानें आधींच दाखवावा. ज्या कामाचा हेतूच बेकायदा, त्याचा करार कितीही सुरेख लिहिला तरी न्यायालयांत टिकत नाहीं.

"एवढ्याशा कामास पांढऱ्यावर काळें कशाला? माझ्यावर विश्वास नाहीं काय?" असें कोणी म्हणेल. त्यास सांगावें, कीं विश्वास आहे म्हणूनच तुम्हांस बोलाविलें. आणि तो संध्याकाळपर्यंत टिकावा म्हणून सकाळीं लिहून ठेवितों. आजोबांचें झाड एकदांच कापलें जातें. चुकीच्या जाडीची फळी पुन्हां ओंडक्यास जोडतां येत नाहीं, आणि तुटलेली ओळखही सहसा जोडतां येत नाहीं.