हृदयाची मोट

आमच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे घरातल्या सर्वांच्या अण्णांना, गेल्या वर्षी वाशिमच्या बाजारातून घरी परतताना धाप लागू लागली. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की भिंतीचा आधार घ्यावा लागे. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, मग टू-डी इको केला आणि म्हणाले, "हृदयाचं आकुंचन उत्तम आहे. तक्रार आहे ती सैल पडण्याची."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे पंपिंग चांगलं आहे ना? मग काळजी कसली!"

पण काळजी होती. ती उमजण्यासाठी मला आमच्या गावाकडची विहीर आठवावी लागली. मोट ओढणाऱ्या बैलांचे कौतुक सगळेच करतात. पण मोट पाण्यात बुडून पुरती भरलीच नाही, तर बैलांनी कितीही जोर लावला तरी पाटात पाणी पडणार किती? कातडे वाळून ताठरले की मोट उघडत नाही, आणि उघडली नाही की भरत नाही.

हृदयाचेही तेच. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येते. त्यातले सुमारे ०.३ सेकंद आकुंचनाचे, उरलेले भरण्याचे. हा विसावा म्हणजे आळस नव्हे, बरे का! स्नायूत उसळलेले कॅल्शियम परत जागेवर नेण्यासाठी शक्ती खर्चावी लागते. भराभर चालताना ठोके वाढतात, भरण्याचा वेळ आखडतो, रक्त मागे फुप्फुसांकडे तुंबते आणि धाप लागते. हृदय दुर्बल झालेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांचे आकुंचन असेच शाबूत असते.

मग हे कातडे वाळते कशाने? तरुणपणी मोठी रोहिणी रबरी नळीसारखी लवचीक असते. वय, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू तिला ताठ करतात. ताठ नळीतून नाडीची लाट वेगाने धावते, लवकर उलटते आणि हृदय रक्त ढकलत असतानाच त्याच्यावर येऊन आदळते. रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो. वर्षानुवर्षे त्याच्याशी झुंजून हृदयाची भिंत जाड होते व सैल पडणे विसरते.

कार्डिओग्रामचा शोध लावणाऱ्या हॉलंडच्या आइन्थोव्हेनला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कागदावर भिंत जाड झाल्याने उंचावलेल्या रेघा, वरच्या कप्प्यावरील ताणाने रुंदावलेली पहिली लाट, उलटी झालेली शेवटची लाट, अशा खुणा दिसू शकतात. पण त्या केवळ सूचक; कागद साफ असला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. भरण्याची गती दाखवतो तो इको.

रक्तदाबाशी झुंज देण्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५७ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. आता तिची जागा बहुतांशी नव्या औषधांनी घेतली आहे.

अण्णा हल्ली गोळी चुकवत नाहीत, पापड-लोणच्याला हात लावत नाहीत, सकाळी फिरायला जातात. त्यांची एकच खंत आहे : दहा वर्षे दाब वाढलेला होता, पण काही दुखत नव्हते म्हणून तो कधी मोजलाच नाही.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे ओढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडाला एकदा तो पट्टा बांधून घ्या. आणि हो, आपल्याही!