घरच्या की-बोर्डसाठी मिडी सॉफ्टवेअर निवडताना

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत आणि या वृत्ताच्या प्रत्येक चरणात पाच मात्रांचे चार गण येतात. घरातील की-बोर्डवर मुलांकडून या श्लोकांचा सराव करून घेऊ पाहणाऱ्यास येथेच पहिली अडचण येते. की-बोर्डमधील तयार ताल बहुतेक तीन किंवा चार ठोक्यांचे असतात. पाच मात्रांचा ठेका त्यात क्वचितच सापडतो. अशा वेळी आपल्याला हवी तशी मिडी फाइल तयार करणे हा सोपा उपाय आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर मात्र पारखून घ्यावे लागते.

आवाज नव्हे, सूचना

मिडी हे मानक १९८३ मध्ये प्रचारात आले. या फाइलमध्ये ध्वनिमुद्रण नसते. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने आणि कोणत्या वाद्यावर वाजवायचा, एवढ्याच सूचना तिच्यात असतात. म्हणूनच पट्टी न बदलता लय निम्मी करता येते किंवा गाण्याची सुरावट बंद ठेवून केवळ साथ वाजवता येते. ऑडॅसिटीसारखी ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअर या कामासाठी नाहीत.

आधी वाद्य तपासावे

पेन ड्राइव्ह जोडण्याची सोय प्रत्येक की-बोर्डला नसते. काहींना केवळ संगणकाची केबल जोडता येते. तेथे फाइल संगणकावरूनच वाजवावी लागते. पेन ड्राइव्ह चालत असल्यास वाद्य मिडीचा कोणता प्रकार वाचते, हे पुस्तिकेत पाहावे. प्रकार शून्यमध्ये सर्व सूचना एकाच ट्रॅकमध्ये असतात, तर प्रकार एकमध्ये त्या निरनिराळ्या ट्रॅकमध्ये विभागलेल्या असतात. काही वाद्ये केवळ प्रकार शून्य स्वीकारतात. तेव्हा त्या प्रकारात फाइल साठवू शकेल असेच सॉफ्टवेअर घ्यावे.

स्वरलेखन की स्वरपट?

म्यूझस्कोर हे विनामूल्य सॉफ्टवेअर पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिण्यासाठी उत्तम आहे. मात्र वाजवून मुद्रित केलेली मिडी फाइल त्यात उघडली, की स्वर ठराविक मात्रांत बसवले जातात आणि वादनातील सूक्ष्म लयभेद हरवू शकतात. मींड ही मिडीत स्वर वाकवण्याच्या स्वतंत्र सूचनांनी लिहिली जाते. ती जपायची असेल, तर आडव्या पट्ट्यांच्या रूपात स्वर दाखवणारे संपादक अधिक उपयोगी ठरतात. मिडीएडिटर आणि विंडोजवरील सेकाइजू ही त्यातील विनामूल्य नावे आहेत. रीपर विकत घ्यावे लागते. पण ६० दिवस वापरून पाहता येते आणि फाइल साठवताना त्यात प्रकार शून्य निवडता येतो.

तबला आणि पट्टी

१९९१ च्या जनरल मिडी यादीतील १२८ वाद्यांमध्ये सतार आणि सनई आहेत, तबला नाही. भारतीय श्रोत्यांसाठी बनवलेल्या की-बोर्डमध्ये तबला असला, तरी त्याची निवड यादीबाहेरील बँक-सूचनेने होते. ही सूचना दाखवणारे आणि जशीच्या तशी राखणारे सॉफ्टवेअर हवे.

पट्टी बदलतानाही काळजी घ्यावी. गाणे काळी एकवरून पांढरी पाचवर नेण्यासाठी सर्व स्वर सहा अर्धस्वरांनी चढवावे लागतात. मात्र जनरल मिडीत दहावा चॅनेल तालवाद्यांसाठी राखीव असतो. तेथे प्रत्येक पट्टीवर वेगळे वाद्य असल्याने तोही चढवला, तर ढोलाच्या जागी भलतेच वाद्य वाजू लागते. म्हणून चॅनेल वेगवेगळे निवडण्याची सोय आवश्यक आहे. पाच, सात किंवा दहा मात्रांचे आवर्तन ठरवता येते का, हेही पाहावे.

एक सोपी परीक्षा

निवड करण्यापूर्वी चांगली वाजणारी एखादी फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. तिच्यात काहीही न बदलता ती नव्या नावाने साठवावी आणि की-बोर्डवर वाजवून पाहावी. लय, मींड आणि वाद्ये पूर्वीसारखीच राहिली, तर ते सॉफ्टवेअर विश्वासार्ह समजावे. मूळ फाइलची प्रत मात्र नेहमी वेगळी ठेवावी. ही कामे जुन्या संगणकावर, इंटरनेटशिवायही होऊ शकतात. त्यामुळे गावातील भजनी मंडळाला किंवा घरच्या विद्यार्थ्याला साथीदार नसला, तरी आपल्या लयीत सराव सुरू ठेवता येतो.